‘शोमेत्सु’ला मराठीत काय म्हणावं: विसर, विसर्जन की लोप?

प्रश्न:
जपानी लेखिका योको ओगावा यांची १९९४ ची ‘हिसोयाका ना केश्शो’ ही कादंबरी मी इंग्रजी अनुवादातून वाचते आहे. (इंग्रजीत नाव ‘द मेमरी पोलीस’. मूळ नावात पोलीस नाहीतच. ‘हिसोयाका’ म्हणजे गुपचूप, ‘केश्शो’ म्हणजे स्फटिक.) एका बेटावरून एकेक गोष्ट जात राहते: रिबिनी, पाचू, टपालतिकिटं, मग पक्षी, गुलाब. या जाण्याला मूळ शब्द ‘शोमेत्सु’. वाचनगटासाठी काही पानं मराठीत करतेय. ‘नाहीसं होणं’ लिहिलं, पण पटत नाही.

उत्तर:
न पटणं बरोबर आहे. एखादी गोष्ट जाते त्या सकाळी वस्तू जागच्या जागी असते, तिची ओळख तेवढी गेलेली असते. पक्षी समोरून उडतो आणि बघणाऱ्याच्या मनात काही हलत नाही. मग लोक पिंजरे उघडतात, पुढे दिनदर्शिका जाळतात. ‘हरवणं’ही नको, हरवलेलं आपण शोधतो. मी ‘विसर पडणे’ घेईन. ‘मी विसरलो’ म्हटलं की चूक माझी. विसर मात्र अंधारासारखा, दुष्काळासारखा आपणहून पडतो.

उत्तर:
गुलाबाच्या पाकळ्या नदीत सोडतात ते वाचून मला ‘विसर्जन’च आठवलं. विसर आणि विसर्जन एकाच धातूचे का?

उत्तर:
नाही. विसर ‘स्मृ’वरून, विसर्जन ‘सृज्’वरून. शिवाय विसर्जन करताना आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. बेटावर गुलाब परत यावेत असं कुणाला वाटतच नाही, आणि मला तरी कादंबरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते.

माझं मत ‘लोप’ला. ‘शो’ म्हणजे विझणं, पुसलं जाणं. ‘मेत्सु’ म्हणजे नाश. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांत ‘निरोध’साठी (थांबणं, शमणं) हेच अक्षर येतं. आपल्याकडे पाणिनीची व्याख्या आहे, ‘अदर्शनं लोपः’, म्हणजे न दिसणं हाच लोप. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य उरतं, असंही तोच सांगतो. निवेदिका घरात लपवते तो, काहीच न विसरणारा संपादक ‘आर’ आठवा. सगळं गेलं तरी त्याच्यापुरतं प्रत्येक वस्तूचं कार्य चालूच आहे! ‘विसर’ घेतला तर हे निसटतं, कारण विसर माणसाला पडतो आणि लोप वस्तूचा होतो.

प्रश्नकर्ती:
‘लोप’ निवेदनात छान बसतोय, आभार. पण फेरीबोटीवर आयुष्य काढलेला तो म्हातारा ‘गुलाबांचा लोप झाला’ म्हणेल का?

उत्तर:
नाही म्हणणार. त्याच्या तोंडी नुसतं ‘गेले’ ठेवा. घरातलं माणूस वारलं की आपण ‘आजी गेली’ म्हणतो, तेवढ्याच हलक्या आवाजात: ‘गुलाब गेले.’