ब्रेटफर्टनच्या 'फ्लीस इन'च्या काळ्या तुळया: सांगाडा की सजावट?

(जोतं, कारवी आणि चुनखडी ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

जोतं: इंग्लंडच्या वुस्टरशरमधला 'फ्लीस इन' मूळचं शेतकऱ्याचं घर. १८४८ मध्ये त्याचा पब झाला, पुढे शेवटच्या मालकिणीच्या मृत्युपत्रानुसार नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला. अशा पबांत काळ्या तुळयांमधले पांढरे चौकोन वजन पेलतात का? ते कडेनेच का फुटतात? फटी सिमेंटने भरल्या तर चालेल?

कारवी: वजन सगळं लाकडावर. चौकोन नुसती भरण. ओक ओला असतानाच तासत, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. तुळईचं टोक जिभेसारखं तासून समोरच्या खाचेत बसवायचं आणि आरपार ओकची खुंटी ठोकायची. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असतात, त्यामुळे खुंटी आत जाताच सांधा आवळतो. पुढे लाकूड वाळताना पिळतं. माळे वाकडे दिसतात ते बऱ्याचदा त्यामुळेच.

भरण म्हणजे आपला कोकणातला कूडच. कारवीऐवजी ओकच्या उभ्या फाका, त्यांत विणलेल्या हेझल या झुडपाच्या काटक्या, दोन्हीकडून माती, पेंढा, शेणाचा गारा आणि वर चुन्याचा गिलावा.

चुनखडी: सिमेंट अजिबात नको. ओक ऋतूप्रमाणे फुगतो-आकसतो, सिमेंट ताठ राहतं. कडेला केसाएवढी फट पडते, पाऊस आत शिरतो आणि सिमेंटमागे ओल कोंडते. ती उतरते पायथ्याच्या आडव्या तुळईत. म्हणून आधी तीच तपासा. तुळई दगडी जोत्यावर हवी, पण बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर पडून वर येते आणि तुळई मातीत गाडली जाते. माती उतरवल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका.

गिलाव्याला १ भाग मुरलेला चुना, ३ भाग धारदार (टोकेरी कणांची) वाळू आणि शेळीचे केस. थर साधारण १० मिमी. जाड थर तडकतो. काही दिवस ओली गोणपाटं लावून ठेवा. चुना पक्का होण्याआधी गोठला तर भुसभुशीत होतो, म्हणून काम थंडीच्या बरंच आधी संपवा. शेवटी दुधासारख्या पातळ सफेदीचे चार-पाच हात.

जोतं: आणि काळा रंग?

कारवी: बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस. तो काढायला सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करू नका. ओकचा पृष्ठभाग जातो, शिवाय कुठला सांधा कुठे बसतो हे दाखवणाऱ्या, सुतारांनी कोरलेल्या रोमन आकड्यांच्या खुणाही पुसतात. 'फ्लीस'च्या चुलीपुढची पांढरी वर्तुळंही अशीच जपायची: धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून ती रेखाटत.

चुनखडी: वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या वास्तूचं रूप परवानगीविना बदलणं इंग्लंडात फौजदारी गुन्हा आहे. काम सुरू करण्याआधी स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकाऱ्याला विचारा.