डच म्हणजे पाव-चीज, इंग्रज म्हणजे बेचव: हे शिक्के उगाच बसलेत का?

झाकण_लावा
आइंडहोव्हनला सहा वर्षं झाली. निघताना एका मित्राने सांगितलं होतं, डच माणूस कॉफीबरोबर एकच बिस्किट देतो आणि डबा लगेच बंद करतो. म्हटलं, काहीतरीच! पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी बोलावलं. पत्र्याचा डबा पुढे आला, मी एक उचललं, आणि टक्! झाकण लागलंसुद्धा. ऑफिसात दुपारी साहेबापासून नवख्या पोरापर्यंत सगळ्यांच्या हातात तोच थंड पाव, मध्ये चीजचा काप. माझी पोळी-भाजी मायक्रोवेव्हमध्ये फिरू लागली की माना वर होतात.

तर माझं मत असं की हे शिक्के कोणी हवेत मारलेले नाहीत, ज्याने त्याने ते कमावलेत. विरोध जरूर करा, पण नुसतं "सरसकट बोलू नये" लिहायचं असेल तर राहू द्या.

टेम्सकाठी_पोहे
कमावलेत? इंग्रजांचंच घ्या. १९४० च्या जानेवारीत तिथे रेशनिंग सुरू झालं, ते १९५४ च्या जुलैत मांसावरचं बंधन उठलं तेव्हा संपलं. चौदा वर्षं! एक अख्खी पिढी अंड्याच्या भुकटीवर स्वयंपाक शिकली. आणि नेमक्या त्याच काळात लाखो अमेरिकन सैनिक तिथे जेवून गेले. घरी जाऊन ते काय सांगणार होते? त्याआधी फ्रेंच लोक इंग्रजांना 'रोसबिफ' म्हणून चिडवायचे, म्हणजे भाजलेलं गोमांस हाणणारे. शिक्का बदलतो, भाऊ.

झाकण_लावा
रेशनिंग संपून सत्तर वर्षं झाली. मग ते हिरव्या वाटाण्यांचं लगदा-पिठलं अजून का?

टेम्सकाठी_पोहे
कारण ते आवडतं. तुम्हाला कोणी विचारतं का, शिळी भाकरी कुस्करून का खाता म्हणून?

तुरिनची_तूरडाळ
मला इटलीबद्दल बोलायचंय. "इटालियन म्हणजे पास्ता" हे इथे उत्तरेत म्हणून बघा. इकडची शेतकरी घरं पिढ्यान्‌पिढ्या पोलेंतावर जगली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. दक्षिणेचे लोक उत्तरेकडच्यांना आजही 'पोलेंतोनी' म्हणतात. आणि तो मका तरी कुठला? अमेरिकेतून आलेला, टोमॅटोसारखाच.

पण खरी गंमत कार्बोनाराची, म्हणजे अंडं, चीज आणि डुकराचं खारवलेलं मांस घातलेल्या पास्त्याची. मी एकदा त्यात क्रीम घातलं तर घरमालकीणबाई दोन दिवस धड बोलल्या नाहीत. "आमच्या परंपरेत हे बसत नाही" म्हणे. आता परंपरा बघा: १९५४ साली एका इटालियन मासिकात या पदार्थाची कृती आली, तिच्यात लसूण होता आणि ग्रुयेर, म्हणजे चक्क स्विस चीज! त्याच्या दोन वर्षं आधी शिकागोत कृती छापून झाली होती. पार्मा विद्यापीठातले प्राध्यापक अल्बेर्तो ग्रांदी २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की कार्बोनारा हा अमेरिकन पदार्थ आहे, तर देशभर आरडाओरडा झाला. १९४४ च्या सुमारास अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातलं बेकन आणि अंड्याची भुकटी यातून तो जन्मला, असं मानणारे बरेच आहेत.

टेम्सकाठी_पोहे
म्हणजे ज्या भुकटीने इंग्रजांची अब्रू घालवली, तिनेच इटालियनांना मिरवायला पदार्थ दिला. वा!

हेलसिंकीचा_हुरडा
तुम्ही सगळे चवीवर भांडताय. कोण कोणाला हसतो ते बघा ना. जुलै २००५. फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक इंग्रजांबद्दल बोलून गेले की ज्यांचं जेवण इतकं वाईट त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि याहून वाईट जेवण फक्त फिनलंडचं. दोन-तीन दिवसांत २०१२ च्या ऑलिंपिकचं मतदान झालं. लंडन ५४, पॅरिस ५०. समितीत दोन फिनिश सदस्य होते. मतदान गुप्त, त्यामुळे पुढचं ज्याचं त्याने समजावं.

इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांनीही त्याच सुमारास आमच्या जेवणाची टवाळी केली होती. त्यावर इथल्या एका पिझ्झा साखळीने धुरावलेल्या रेनडियरच्या मांसाचा पिझ्झा काढला, त्याला 'पिझ्झा बेर्लुस्कोनी' नाव दिलं, आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तो पहिला आला. राय धान्याच्या काळ्या पावावर वाढलेल्या लोकांनी इटालियनांना पिझ्झ्यात हरवलं! माझं सरळ म्हणणं आहे, ज्याचा दबदबा त्याचं खाणं 'पाककला', बाकीच्यांचं 'सवय'.

झाकण_लावा
हा मुद्दा पटला. पण स्वीडनचं काय? २०२२ मध्ये जगभर बोभाटा झाला होता, मित्राच्या घरी खेळायला गेलेल्या मुलाला खोलीत बसवून घरचे लोक जेवतात. तो प्रकार तर स्वीडिश लोकांनीच कबूल केला होता.

पेठेतला_पाहुणा
काहींनी कबूल केला, काहींनी साफ नाकारला. आणि तुम्ही कुठले हो? "जेवूनच आला असाल ना?" हे वाक्य कुठल्या शहराच्या नावावर खपतं? माझं बालपण नारायण पेठेत गेलं. आमच्या आजीने दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा लाडू दिल्याशिवाय सोडलं नाही. तरी लग्नाकार्यात नागपूरचे पाहुणे भेटले की तोच विनोद, आणि हसायचं आम्हीच. डचांचं खरं मानायचं असेल तर हेही माना.

हेलसिंकीचा_हुरडा
नागपूरकर इथे हजर आहे. विनोद खरा आहे.

झाकण_लावा
मी कोथरूडचा. पेठेत मोडत नाही, तेव्हा मला वगळा.

बाकी, काल आजींकडे बाकरवडी घेऊन गेलो. म्हटलं, दाखवूच यांना. डबा उघडून पुढे केला, "घ्या, अजून घ्या" म्हणत तसाच धरून उभा राहिलो. त्यांनी एक उचलली, डोळ्यांत पाणी आलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं झाकण घेऊन डब्याला स्वतःच लावलं.