मदत हवी आहे : हाताच्या थेरपीचा घरचा कार्यक्रम
आमच्या ६ वर्षांच्या मुलीला उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे. फिट्स येत नाहीत, बोलणे स्पष्ट आहे. विट्याहून सांगलीला फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून एकदाच जाणे जमते. डाव्या हाताला हातमोजा घालून उजव्याकडून काम करून घेण्याचा प्रयोग दीड महिना केला. भुईमुगाच्या शेंगा फोडताना ती उजवा अंगठा दाबू लागली, हे पाहून फार बरे वाटले, पण आता हातमोजा दिसताच ती रडते. दोन्ही हातांचा एकत्रित सराव तितकेच तास केल्यास लाभही साधारण तितकाच होतो, असे संशोधनात आढळल्याने तो मार्ग धरायचा आहे. निरामय (दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) विम्याचे कार्ड आहे. घरी रोज दीड तास देता येतो. असा कार्यक्रम आखून व्हिडिओवर तपासणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) सांगली-मिरज भागात कोणी आहेत का?