अनुभव धागा: ब्रिटनहून अमेरिकेतल्या छोट्या गावात, मित्रांच्या घरी

ब्रिटनमध्ये राहणारी आपली मंडळी अमेरिकेला गेली की न्यूयॉर्क, नायगारा, जमलं तर ग्रँड कॅन्यन करून परततात. पण कॉलेजातले मित्रमैत्रिणी राहतात भलतीकडेच, कंपनीने नेलं त्या गावी. अशा गावात मित्राच्या घरी चार-आठ दिवस राहून आलेल्यांनी इथे लिहा. स्थळांची यादी नको. घर, शेजार, दुकान, रस्ता, काय खटकलं, काय आवडलं ते येऊ द्या. सुरुवात मी करते.

रेडिंग ते कोलंबस, इंडियाना

माझी हॉस्टेलची रूममेट बारा वर्षं कोलंबसला आहे. ओहायोतलं मोठं शहर नव्हे, हे इंडियानातलं, पन्नासेक हजार वस्तीचं. पुणेकरांच्या कानावर हे नाव असतं, कारण कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथे आहे आणि पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली १९६२ साली. तिच्या ऑफिसात मराठी ऐकू येतं म्हणाली.

मक्याची शेतं आणि एक मेन रोड, एवढंच गाव असेल असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी लेकीची पुस्तकं परत करायला ती वाचनालयात निघाली, मीही गेले. समोरच्या चौकात पाहते तर शिल्पकार हेन्री मूरची 'लार्ज आर्च' ही कमान, १९७१ची. सुमारे सहा मीटर उंच, हिरवट ब्राँझची. मूर यॉर्कशरचा, त्याची शिल्पं बघायला आम्ही मुद्दाम गाडी काढून जातो. इथे दोन पोरं तिच्या पायांमधून शिवाशिवी खेळत होती. मी हात लावून पाहिला, उन्हाने चांगलीच तापली होती. वाचनालयाची इमारत वास्तुकार आय. एम. पेई यांची, १९६९ची. रस्त्यापलीकडचं चर्च एलिएल सारिनेन या वास्तुकारांचं, १९४२चं. एवढ्याशा गावात हे कसं, तर कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी पन्नासच्या दशकात एक योजना काढली: गावात शाळा बांधताना आमच्या यादीतला वास्तुकार निवडा, त्याची फी कंपनीची संस्था देईल. पुढे ती इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. मला हे फार मोठं वाटतं. पैसा तर पुष्कळ गावांत असतो.

मैत्रीण म्हणाली, "मला ती कमान म्हणजे पार्किंग कुठे मिळतं त्याची खूण. आज तुझ्यामुळे नीट बघितली."

संध्याकाळी मागच्या अंगणात काजवे निघाले. जूनचा शेवट होता. मधे कुंपणं नसल्यामुळे पाच-सहा घरांच्या हिरवळीवर एकदम चमचमायला लागलं. ब्रिटनमधल्या वीस वर्षांत मी असे उडते काजवे पाहिले नव्हते. वेस्ट लाफायेतच्या शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला म्हणून २०१८ साली एका जातीचा काजवा इंडियानाचा राज्य-कीटक झाला, हे तिच्या लेकीने सांगितलं. आम्हाला आठवलं भंडारदरा, थर्ड इयरची ट्रिप. ती म्हणाली, "दर जूनला मी एकटीच बघते गं. ह्याला डास चावतात आणि हिला आता रोजचंच झालंय." अकरा वाजेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

लीड्स ते इलिनॉयमधलं एक गाव, पिओरियापासून अर्ध्या तासावर

मी रस्त्यांबद्दल लिहितो. भारतात डावीकडून, ब्रिटनमध्ये डावीकडून; आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडून गाडी चालवली ती मित्राच्या गावात. पहिला धडा चारी बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेल्या चौकाचा. सिग्नल नाही, गोल चक्कर नाही. सगळ्यांनी पूर्ण थांबायचं, जो आधी आला तो आधी जाणार, दोघं बरोबर आले तर उजवीकडच्याचा मान. मी ब्रिटनच्या सवयीने वाट बघत बसलो. समोरच्या पिकअपमधल्या आजोबांनी हात हलवून मला पुढे काढलं. चार दिवसांत मला हा चौक आवडायला लागला, कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

पिवळ्या स्कूलबसबद्दल मित्राने आधीच बजावलं होतं: "बाकी काही चुकलं तर सांभाळून घेतील, पण बसचे लाल दिवे लागले की थांबायचं म्हणजे थांबायचं." गावातल्या साध्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही. ब्रिटनमध्ये असा नियम नसल्यामुळे आपलं लक्षच जात नाही.

पेट्रोलपंपावरचं मशीन कार्ड घातल्यावर झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, विचारतं. आपल्या ब्रिटिश कार्डाला तो नसतो. आत जाऊन "तीन नंबर, तीस डॉलर" असं सांगून आधी पैसे द्यायचे, मग भरायचं.

आता चालण्याबद्दल. लीड्सला मी रोज तासभर शेतांमधल्या पायवाटांनी हिंडतो. इंग्लंडमध्ये अशा वाटांवर कोणीही चालू शकतं, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. इलिनॉयमध्ये शेताचा बांध म्हणजे मालकाची जागा, आणि गावाबाहेर फुटपाथ नाही. पहिल्या सकाळी रस्त्याच्या कडेने निघालो तर अर्ध्या तासात तीन गाड्या थांबल्या. गाडी बंद पडली का? बरं वाटत नाही का? तिसरे निघाले मित्राचे शेजारी. त्यांनी मला बसवून घेतलं, वाटेत आपलं सोयाबीन दाखवलं, एक शेंग तोडून हातात दिली आणि घरी आणून सोडलं. मग रोज सकाळी त्यांच्याच शेतातून चालायची परवानगी दिली.

लेस्टर ते टेनेसी

थोडक्यात दोन गोष्टी. पॅरासिटामोल मागाल तर दुकानात कळेलच असं नाही. तिथे त्याला असिटामिनोफेन म्हणतात, लोकांच्या तोंडी टायलेनॉल. ब्रिटनच्या सुपरमार्केटात १६ गोळ्यांचं पाकीट घेणाऱ्या मला तिथे ५०० गोळ्यांची बाटली दिसली. आणि नाश्त्याला 'बिस्किट अँड ग्रेव्ही' म्हणजे मऊ पावासारखा प्रकार आणि पांढरा रस्सा, त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा.

ग्लासगो ते आयोवा

सासूबाई बरोबर होत्या. आमचे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे आमचं ऑनलाइन परवानगीवर भागलं. त्यांचा भारतीय, त्यामुळे ब्रिटनमध्ये कायमच्या राहत असूनही त्यांना व्हिसा घ्यावा लागला. वेळ हाताशी ठेवा.

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवरून सासूबाई घसरल्या आणि मनगट सुजलं. दवाखान्यात आधी कार्ड मागितलं, हात नंतर बघितला. एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, सवय असलेल्या आम्हाला ते लागलं, अजून लागतं. वागायला सगळी माणसं चांगली होती, पण पुढे मैत्रिणीच्या पत्त्यावर तीन निरनिराळी बिलं आली: दवाखान्याचं, डॉक्टरचं आणि एक्स-रे वाचणाऱ्याचं. सासूबाई पडल्या त्याच दिवशी प्रवास विम्याच्या हेल्पलाइनला फोन करून केस नंबर घेतला होता म्हणून पैसे परत मिळाले. तो फोन नंबर पाकिटात कागदावर लिहून ठेवा.

पण मला सांगायचंय ते यापुढचं. संध्याकाळी शेजारच्या बाई काचेच्या ताटलीत रुबार्बची (आंबट देठांची एक भाजी) गोड पाई घेऊन आल्या. आत यायच्या आधी दारातच विचारलं, "अंडं चालतं ना त्यांना?" सासूबाईंनी पाई खाल्ली, दोन दिवस ताटली ओट्यावर राहिली. मी द्यायला निघाले तर म्हणाल्या, "रिकामी नको गं." रवा नव्हता. मैत्रिणीने गावातल्या दुकानातून क्रीम ऑफ व्हीटचा, म्हणजे रव्यासारख्या दळलेल्या गव्हाचा, खोका आणला. सासूबाई एका हाताने सांगत होत्या, मी तूप घालून भाजत होते, आणि वास अगदी आपल्या शिऱ्याचा आला. वर चार बेदाणे लावून ताटली गेली. दुसऱ्या सकाळी त्या बाई वही-पेन घेऊन हजर. आपल्या घरात हा खोका चाळीस वर्षं आहे आणि त्याचं असंही होतं हे माहीत नव्हतं, असं म्हणाल्या. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं. दोघी दीड तास बसल्या.

यजमानाच्या बाजूने, नेब्रास्का

मला वाटतं यजमानांनीही लिहायला हवं. आमचं गाव दहा हजारांच्या आतलं, भारतीय किराण्याला दोन तास गाडी चालवावी लागते. मँचेस्टरचा मित्र सहकुटुंब येतो तेव्हा विचारतो, काय आणू? चॉकलेट नको. ब्रिटनचा कडक चहा आण, दुधात उकळल्यावर उतरतो तो. आणि माझ्या मुलांशी मराठीत बोल. घराबाहेर त्यांच्याशी मराठी बोलणारं दुसरं कोणी नाही, आणि आम्ही सोडून इतर मोठ्या माणसांनाही मराठी येतं हे त्यांना तुझ्याकडूनच कळतं.

एकदा ते ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, आले. आमच्याकडे मिरवणूक बघायला आदल्या रात्रीच लोक घडीच्या खुर्च्या रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतात, कोणी हलवत नाही. मित्राने शेजाऱ्यांना विचारलं, "आम्ही ब्रिटनचे, आजच्या दिवशी चालतं ना?" त्यांनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं. अग्निशमनाच्या बंबावरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, त्याच्या मुलाने टोपी भरून गोळा केली आणि आमच्या लहानीला अर्धी दिली.

त्यांच्यासाठी चार खुर्च्या जास्तीच्या घेतल्या होत्या. गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्यात. शेजारी दर जूनमध्ये विचारतात, तुमची इंग्लंडची मंडळी यंदा येताहेत का? हे वाचत असशील तर तिकिटं काढ रे.