जुन्या तैलचित्रातील पोशाख खरा मानावा का?

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील आमच्या वाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेले पणजोबांचे तैलचित्र आहे. ते गावचे मालगुजार, म्हणजे शेतसारा गोळा करून सरकारात भरणारे जमीनदार, होते. चित्रात जरीची वेलबुट्टी असलेला काळा मखमली कोट, लाल पगडी आणि करवतकाठी धोतर दिसते. आजीने मात्र आपल्या सासूबाईंकडून ऐकले आहे की, बंडी, धोतर आणि खांद्यावर उपरणे याखेरीज त्यांच्या अंगावर कधी काही नसे. मग हा पोशाख कोणाचा समजावा?

उत्तर : कोट उसना असला, तरी चित्र खोटे ठरत नाही. व्यक्तिचित्र हे माणसाचा दर्जा पाहणाऱ्याला कळावा म्हणून काढवून घेतले जाई आणि पोशाख त्यानुसार निवडला जाई. फ्रान्समध्येही हेच दिसते. अँग्र या चित्रकाराने एका धनाढ्य सावकाराच्या पत्नीचे, मादाम म्वातेसिए यांचे, चित्र १८४४ मध्ये हाती घेतले आणि १८५६ मध्ये पुरे केले; दरम्यान अंगावरचा पोशाखच बदलला आणि शेवटी फुलांच्या नक्षीचा घेरदार रेशमी झगा आला. त्याच चित्रकाराने १८३२ मध्ये वृत्तपत्राचे मालक बेर्तँ यांना मात्र साध्या काळ्या कोटात, गुडघ्यांवर पंजे रोवून बसलेले दाखवले. तिकडे पुरुषांचा पोशाख गडद आणि साधा होत गेला, तसे घरची श्रीमंती मिरवण्याचे काम स्त्रियांच्या वस्त्रांकडे आले. आपल्याकडे पुरुषांची पगडी आणि जरीची वेलबुट्टी टिकून राहिली, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक उत्तर : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग होते, म्हणून धोतराविषयी लिहितो. दोन काठ आणि मधले अंग तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणून त्यांचे धागे एकमेकांत अडकवतात, त्यामुळे सांध्यावर करवतीचे दाते उमटतात. ज्या चित्रकाराने असे कापड जवळून पाहिले नाही, तो सरळ रेघ ओढून मोकळा होईल. कोटाच्या चुण्याही पाहाव्यात, कारण अंगात घातलेले कापड कोपरासारख्या सांध्यापाशी दुमडतेच.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचा आभारी आहे. काल शिडी लावून, कंदील जवळ धरून चित्र पाहिले. गुडघ्यापर्यंत काठाचे दाते एकेक करून रंगवलेले आहेत, खाली पावलांपाशी ते लाल पट्ट्यात मिसळतात. कोट मात्र कोपरात हात वाकलेला असूनही सपाट आहे. मखमलीला एकही चुणी नाही.