मदत हवी आहे: दंडावरची किसणीसारखी खरखरीत त्वचा

नमस्कार मंडळी. माझ्या लेकीच्या (वय 15) दोन्ही दंडांवर आणि मांड्यांवर बारीक पुळ्या आहेत. दुखत नाहीत, फारशा खाजतही नाहीत, पण हात फिरवला की किसणीच! त्वचेच्या डॉक्टरांनी केराटोसिस पिलारिस सांगितलं. केसाच्या मुळाशी केराटिन (त्वचेतलं एक प्रथिन) साचून छिद्र बुजतं म्हणे. संसर्गजन्य नाही, बऱ्याचदा घराण्यातच असतं. (माझ्याही दंडांवर होतं, चाळिशीत बरंच ओसरलं. म्हणजे देणगी माझीच.) कायमचा इलाज नाही, 10 टक्के युरियाचं क्रीम दिलंय. फरक पडतो, पण लावण्यात खंड पडला की ये रे माझ्या मागल्या. त्यात नाशिकची कोरडी थंडी.

घरचे प्रयोगही झाले. सासूबाईंच्या सांगण्यावरून मसूरडाळीचं पीठ आणि दही लावलं. आठवडाभर बरं वाटलं, मग लाली आली. एकदा तर पोरीने माझ्या नकळत वज्रीने खसाखसा घासलं. दंड सोलवटले, आता तिथे काळे डाग आहेत. लिंबू चोळा असं कृपया कुणी सुचवू नका, त्याची आग तिने भोगली आहे. कोमट पाण्याने झटपट अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल, एवढंच मानवलंय.

हा त्रास असलेल्यांनी सांगा: तेल क्रीमच्या आधी लावता की नंतर? सकाळी शाळेच्या गणवेशाला तेलाचे डाग पडतात, त्याचं काय करता? आणि कॉलेजच्या वयात कमी झालं का? बिनबाह्यांचा ड्रेस कपाटात तसाच पडलाय, म्हणून विचारतेय.