प्रोब चमकला म्हणजे एन्झाइम सापडलं असं होत नाही

रेणूकार:
परवा इथे एकाने लिहिलं की कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आता फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे एन्झाइमने कापला की चमकणारा रंग, फवारायचा, हिरवं दिसेल तेवढं कापायचं, पॅथॉलॉजिस्टचं काम संपलं. खाली नुसत्या टाळ्या. वाचून डोकं उठलं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे. त्याचा सगळा आधार टोकियोच्या केमिस्ट उरानोंचा 2011 चा पेपर, कॅन्सरच्या पेशींवर बऱ्याचदा वाढलेल्या जीजीटी या एन्झाइमवरचा. पेपर भारीच आहे, वादच नाही. रोडामिन या रंगाला ग्लुटामेट लावलं की आतली रिंग मिटते, ना रंग ना चमक, जीजीटीने ते कापलं की रिंग उघडते आणि बघता बघता हिरवं. पण हेच जीजीटी धडधाकट माणसाच्या किडनीत ठासून भरलेलं असतं, तिथे हा फवारा काय सांगणार? शिवाय हिरवा प्रकाश टिश्यूत फार खोल जात नाही, म्हणजे दिसतं ते वरवरचं. माझं म्हणणं एवढंच, इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारं रसायन, घातल्यावर चमक विझते का आणि जीन काढलेल्या पेशी काळ्या राहतात का, हे कंट्रोल दाखवल्याशिवाय "एन्झाइम दिसलं" म्हणू नका. आमच्या शेजारच्या लॅबमधला एक प्रोब सीरम घातलेल्या मीडियममध्ये, पेशी नसलेल्या वेलमध्येसुद्धा (प्लेटवरच्या खळग्यात) लख्ख उजळायचा, कारण रंग सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटत होता. तो वेल प्लेटवर ठेवलाच नसता तर?

सर्जनबाई:
असहमत. तुम्हाला एन्झाइमचं नाव पाहिजे, मला टेबलवर गाठीची कड पाहिजे. ब्रेस्टची गाठ काढली आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला की कडेला राहिलंय, तर पेशंटला पुन्हा ओटीत न्यायचं असतं. हे तिला आणि तिच्या घरच्यांना समोर बसवून मी सांगते, तुम्ही नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं लुमिसाइट हे असंच चमकणारं औषध घ्या, ते कॅथेप्सिन नावाची एन्झाइमं फोडतात, मेटॅलोप्रोटिनेज नावाचीही फोडतात. एकाच एन्झाइमचा हट्ट धरून बसले असते तर ते औषध कधी आलंच नसतं.

रेणूकार:
डॉक्टर, त्याच औषधाच्या लेबलवर अ‍ॅनाफिलॅक्सिसची चौकटीतली वॉर्निंग आहे, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि पॅथॉलॉजी बंद करा असं त्यात कुठेही नाही. मुख्य गाठ काढून झाल्यावर पोकळीत काही उरलंय का ते बघायला ते आहे. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

पिपेटवाली:
कंट्रोल करा, कंट्रोल करा, बोलायला काय जातं! तो इन्हिबिटर आणायचा कुठून? आमचं एन्झाइम ड्राय आइसवर निघालं, मुंबईला कस्टम्समध्ये अडकलं, कुठला तरी कागद कमी म्हणे, बॉक्स हातात आला तेव्हा आत बर्फाचा कण नव्हता, व्हायल कोमट. पैसे गेले ते गेलेच, वर गाइड मलाच विचारतात फॉलो-अप का केला नाहीस. आणि 2024 च्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवरची ड्युटी 10 वरून थेट 150 टक्के केली होती, विसरलात सगळे?

नगरचा_केमिस्ट:
ती थोड्याच दिवसांत मागे घेतली ताई. अर्धं सांगू नका.

पिपेटवाली:
मागे घेतली, पण तेवढ्यात व्हेंडरने आमचं कोटेशन रद्द केलं आणि नवीन यायला ग्रँटचं वर्ष संपलं. ते कोण भरून देणार? मार्च संपला की उरलेले पैसे परत, हे तुम्हाला माहीत नसेल तर गप्प बसा.

बोस्टनकर:
इथे आज ऑर्डर केलं की उद्या दारात. तिकडे सिस्टमच बदलायला हवी.

पिपेटवाली:
हे सांगायला बोस्टनला जायची गरज नव्हती. मी इथे राहून रोज तेच भोगतेय.

नगरचा_केमिस्ट:
चिडू नका, पण एक ऐका. सगळं बाहेरून कशाला? अहो जीन काढलेली सेल लाइन इथल्या इथे क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, करता येते, एकदा केली की वर्षानुवर्षं कंट्रोल म्हणून वापरा, कस्टम्सचा संबंधच नाही. आम्ही केमिस्ट उगाच एकामागून एक रंग बनवत बसतो आणि बायोलॉजीवाल्याकडे जातो पेपर लिहायच्या आदल्या महिन्यात. माझा स्वतःचा राग त्यावर आहे.

पिपेटवाली:
गाइड आरएनए आणि प्लाझ्मिड (क्रिस्पर पेशीत न्यायचा डीएनए) दोन्ही मिळाले तर करता येते, हे मान्य. पण क्लोन निवडून, वाढवून, तपासण्यात महिने जातात, ते महिने फेलोशिपमध्ये धरत नाहीत.

रेणूकार:
कस्टम्सचा वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन लिहीन, ताईंचं खरंच आहे. पण कंट्रोल महाग आहे म्हणून दावा खरा ठरत नाही. अजून एक, लायसोसोममधलं (पेशीतल्या आंबट पिशवीतलं) कॅथेप्सिन बघायला साधं फ्लुरोसिन लावलेले प्रोब अजून दिसतात. फ्लुरोसिनचा पीकेए 6.4 च्या आसपास, म्हणजे पीएच त्याखाली गेला की रंग फिका पडतो, लायसोसोमचा पीएच 4.5 ते 5, म्हणजे एन्झाइमने कापलं तरी रंग तिथे मलूल. उद्या क्लोरोक्विन घालून पीएच चढवला की चमक वाढेल आणि कोणीतरी लिहील की एन्झाइम वाढलं.

सर्जनबाई:
हे पीएचचं मला माहीत नव्हतं, ठीक. तो फवारावाला बेजबाबदार होता हेही मान्य, कोणी पॅथॉलॉजीला हात लावायला निघालं तर पहिली मी उभी राहीन. पण कडेवर कॅन्सर उरलाय की नाही हे मला मिनिटात सांगणारं काहीही मी वापरणार, त्यातलं एन्झाइम कुठलं हे तुम्ही नंतर दहा वर्षं शोधा.

रेणूकार:
वापरा. फक्त पेशंटच्या कागदावर "एन्झाइम पॉझिटिव्ह" लिहू नका, "चमकलं" एवढंच लिहा.

नगरचा_केमिस्ट:
ताई, कुठला इन्हिबिटर हवाय? जीजीटीचा असेल तर आमच्या फ्रीझरमध्ये अ‍ॅसिव्हिसिन आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.